कॉडने वसवलेली बेटे

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यालगत, आर्क्टिक वृत्ताच्या वरच्या अंगाला, लोफोतेन नावाचा द्वीपसमूह मुख्य भूमीपासून नैर्ऋत्येकडे समुद्रात शिरलेला आहे. पाण्यातून थेट वर आलेले अणकुचीदार डोंगर, त्यांच्या पायथ्याशी खडकावर आणि समुद्रात रोवलेल्या खांबांवर उभी असलेली लाल लाकडी घरे, आणि डोंगर व पाणी यांच्या मधल्या अरुंद पट्टीत दाटीवाटीने वसलेली मच्छीमारांची गावे, अशी या बेटांची प्रतिमा जगभर पोचली आहे. छायाचित्रांतून ती पाहणाऱ्याला असे वाटणे स्वाभाविक आहे की, निसर्गाने आधी एक विलक्षण देखावा उभा केला आणि माणसाने त्यात आपली घरे नेटकेपणाने मांडली. प्रत्यक्षात मात्र घर कोठे बांधावे, त्याला कोणता रंग द्यावा, चर्च किती मोठे असावे आणि वर्षातील कोणत्या महिन्यांत गाव गजबजावे, हे सारे येथे शतकानुशतके एका माशाच्या येण्याजाण्याने ठरत आले. तो मासा म्हणजे कॉड. लोफोतेनला जाणाऱ्या प्रवाशाने डोंगरांकडे पाहण्याआधी या माशाचे वेळापत्रक समजून घेतले, तर तेथील बहुतेक गोष्टींचा अर्थ त्याला आपोआप लागत जातो.

खडक, हिम आणि उबदार पाणी

ऑस्तवोगोया, गिम्सोया, वेस्तवोगोया, फ्लाकस्तादोया आणि मोस्केनेसोया ही येथील प्रमुख बेटे एकापुढे एक अशी ओळीने पसरलेली असून, व्हॅरोय आणि रोस्त ही दोन लहान बेटे त्या ओळीच्या टोकापलीकडे भर समुद्रात आहेत. नावांच्या शेवटी येणाऱ्या 'ओया' या शब्दाचा अर्थच 'बेट' असा आहे. साऱ्या द्वीपसमूहाचे क्षेत्रफळ सुमारे १,२०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आतबाहेर आहे. बेटे आणि मुख्य भूमी यांच्या मध्ये वेस्तफ्योर्द हा समुद्राचा रुंद पट्टा असून, त्याच्या पलीकडच्या तीरावरून पाहिले असता बेटे वेगवेगळी दिसत नाहीत; हजार मीटरांपर्यंत चढलेल्या शिखरांची एक अखंड रांग तेवढी क्षितिजावर उभी राहते, म्हणून स्थानिक लोक तिला 'लोफोतेनची भिंत' असे म्हणतात.

ही भिंत ज्या खडकांची बनली आहे, त्यांतील मोठा भाग सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वी भूगर्भात खोलवर घडला. त्यांत चार्नोकाइट या ग्रॅनाइटसारख्या खडकाचाही समावेश असून, त्याचे नाव भारतातून गेलेले आहे. कोलकात्याच्या स्थापनेशी ज्याचे नाव जोडले जाते त्या जॉब चार्नॉकच्या थडग्याचा दगड याच जातीचा असल्याने, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील थॉमस हॉलंड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खडकाला ते नाव दिले. खडक इतके प्राचीन असले, तरी डोंगरांचा आजचा आकार त्या मानाने अलीकडचा आहे. गेल्या काही लाख वर्षांत पुनःपुन्हा आलेल्या हिमयुगांत हिमनद्यांनी डोंगरांच्या कुशी कोरून वाटीसारखी हिमगव्हरे तयार केली, दोन शेजारच्या हिमगव्हरांमधली कड झिजून सुरीच्या पात्यासारखी झाली, आणि बर्फ वितळल्यावर खोल दऱ्यांत समुद्र शिरून फियॉर्ड, म्हणजे उभ्या कड्यांमधली चिंचोळी खाडी, निर्माण झाली. डोंगरांच्या पायथ्याशी मात्र जेमतेम समुद्राच्या पातळीवर असलेली सपाट खडकाळ पट्टी शिल्लक राहिली. नॉर्वेजियन भूशास्त्रज्ञ हान्स रॉइश यांनी १८९४ मध्ये तिला 'स्ट्रँडफ्लॅट', म्हणजे किनारसपाटी, असे नाव दिले. लोफोतेनमधील बहुतेक गावे, शेते आणि रस्ते याच पट्टीवर आहेत, कारण त्यांच्यासाठी दुसरी जागाच नाही.

या अक्षांशांवर ग्रीनलंड आणि सायबेरियात हिवाळा कमालीचा कडक असतो. लोफोतेनच्या किनाऱ्यावर मात्र जानेवारी-फेब्रुवारीतील सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते. याचे कारण म्हणजे गल्फ स्ट्रीमचा पुढचा फाटा असलेला उत्तर अटलांटिक प्रवाह, जो विषुववृत्ताकडची ऊब नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे वाहून नेतो आणि भर हिवाळ्यातही येथील बंदरे गोठू देत नाही. बंदर मोकळे असल्यामुळे होड्या समुद्रात जाऊ शकतात, आणि हवा शून्याच्या जवळपास खेळत राहिल्यामुळे पकडलेला मासा मिठाशिवाय वाळवता येतो. लोफोतेनची सारी अर्थव्यवस्था या दोन गोष्टींवर उभी राहिली.

हिवाळ्यातला पाहुणा

लोफोतेनच्या कॉडला नॉर्वेजियन भाषेत 'स्क्रेइ' असे खास नाव असून, त्याचे मूळ 'चालत जाणे, पुढे सरकणे' या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दात आहे. हा मासा एरवी उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्राच्या थंड पाण्यात राहतो आणि तेथे वाढतो. परंतु प्रजननक्षम झाल्यावर दर हिवाळ्यात तो शेकडो किलोमीटरचा प्रवास करून नॉर्वेच्या किनाऱ्याकडे येतो आणि साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात त्याचे थवे वेस्तफ्योर्दमध्ये दाखल होतात. किनाऱ्यालगतचे थंड पाणी आणि त्याखालचे अटलांटिकचे उबदार, अधिक खारट पाणी यांच्या मधला चार ते सहा अंश तापमानाचा थर त्याला अंडी घालण्यासाठी मानवतो. एक मोठी मादी लाखो अंडी घालते. ती अंडी पाण्यात तरंगत किनारी प्रवाहाबरोबर उत्तरेकडे वाहत जातात, आणि पिल्ले पुन्हा बॅरेंट्स समुद्रात जाऊन वाढतात.

आज हे वर्णन सरळ वाटते. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माशांची अंडी समुद्राच्या तळाशी पडून राहतात, अशीच समजूत रूढ होती. काही वर्षे मासा अमाप यावा आणि काही वर्षे तो जवळजवळ येऊच नये, या कोड्याने किनाऱ्यावरील हजारो कुटुंबांचे भवितव्य ठरत असल्यामुळे, नॉर्वेच्या सरकारने गेओर्ग ओसियान सार्स या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला लोफोतेनला पाठवले. १८६४ च्या सुमारास त्यांनी समुद्राच्या पृष्ठभागावरील पाणी गाळून पाहिले, तेव्हा कॉडची अंडी पाण्यावर तरंगतात हे प्रथमच सिद्ध झाले. पुढे १९१४ मध्ये योहान योर्त यांनी असे दाखवून दिले की, माशांच्या संख्येतील चढउतार मुख्यतः कोणत्या वर्षीची पिल्ले किती प्रमाणात जगली यावर अवलंबून असतात. आधुनिक मत्स्यविज्ञानाचा पाया अशा रीतीने ज्या प्रश्नांतून घातला गेला, ते प्रश्न लोफोतेनसारख्या किनाऱ्यावरच्या माणसांच्या पोटापाण्याचे होते.

रोरबू : वल्हवणाऱ्यांचे घर

या हंगामासाठी मच्छीमार केवळ बेटांवरून नव्हे, तर नॉर्वेच्या उत्तर आणि मध्य किनाऱ्यावरील लांबलांबच्या फियॉर्डांतून येत. त्यांतील बहुतेक जण वर्षभर आपल्या लहानशा शेतावर राहणारे शेतकरी-मच्छीमार असत. हिवाळ्यात शेतीला काम नसल्याने पुरुष उघड्या, चौकोनी शिडाच्या 'नूरलांड' होड्यांतून लोफोतेनला जात, आणि त्यांच्या मागे गुरे, मुले आणि घर यांचा सारा भार स्त्रिया वाहत. प्रत्येकाबरोबर भाकरीसारखी पातळ रोटी, लोणी आणि कपडे भरलेली लाकडी पेटी असे, आणि ती पुढचे काही महिने त्याला पुरवावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात काही हंगामांत अशा मच्छीमारांची संख्या तीस हजारांहून अधिक झाली होती, म्हणजे आजच्या साऱ्या लोकसंख्येपेक्षाही जास्त माणसे त्या काही महिन्यांपुरती या बेटांवर राहत होती.

इतक्या लोकांना छप्पर देण्याच्या गरजेतून 'रोरबू' जन्मले. 'रो' म्हणजे वल्हवणे आणि 'बू' म्हणजे राहण्याची जागा. वल्हवत मासेमारीला येणाऱ्याचे घर, असा या शब्दाचा अर्थ. बाराव्या शतकाच्या आरंभी राजा ओयस्टाइन याने वोगन येथे चर्च आणि मच्छीमारांसाठी अशी घरे बांधवली, अशी नोंद मिळते, आणि काबेलवोग गावात त्याचा पुतळा उभा आहे. होडी थेट दाराशी लागावी म्हणून घराचा अर्धा भाग पाण्यातल्या खांबांवर असे. पुढच्या खोलीत जाळी, दोर आणि आमिषाची पिंपे ठेवली जात, तर आतल्या एकाच खोलीत चुलीभोवती फळ्यांच्या बिछान्यांवर होडीवरची सारी माणसे दाटीने झोपत. गेरूसारखी लाल माती कॉडच्या तेलात कालवून केलेला रंग सर्वांत स्वस्त पडत असल्यामुळे ही घरे लाल झाली. पांढरा रंग महाग असल्यामुळे तो सहसा गावच्या मालकाच्या घराला लागे, आणि म्हणून जुन्या गावांत घराच्या रंगावरूनच ते कोणाचे, हे कळत असे.

हा मालक, ज्याला 'व्हॅरआयर' म्हणत, गावातील जमीन, धक्के, घरे आणि दुकान या साऱ्यांचा धनी असे. त्याच्या रोरबूमध्ये राहणाऱ्याने आपला मासा त्यालाच, त्याने ठरवलेल्या दराने विकावा, असा दंडक असल्यामुळे उधारी आणि घरभाडे यांत अडकलेला मच्छीमार वर्षानुवर्षे त्याच्या ऋणात राही. १८१६ च्या कायद्याने तर समुद्रही निरनिराळ्या गावांत वाटून दिला होता. १८५७ च्या लोफोतेन कायद्याने ही वाटणी रद्द करून समुद्र सर्वांसाठी खुला केला आणि मासेमारीवर सरकारी देखरेख आणली. तर १९३८ च्या कच्च्या मासळीच्या कायद्याने मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संघटनेला पहिल्या विक्रीचा किमान दर ठरवण्याचा अधिकार मिळाला. मालकाची सत्ता त्यानंतर ओसरली. आज नूसफ्योर्द किंवा राइने येथील नीटस लाल घरांच्या रांगा पाहताना, त्या आरंभी श्रमिकांच्या भाड्याच्या खोल्या होत्या आणि त्यांच्यासाठी दोन पिढ्यांहून अधिक काळ न्यायाचा लढा चालला होता, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

या लढ्याचा एक प्रसंग नॉर्वेच्या सामूहिक स्मृतीत कोरला गेला आहे. १८९० मध्ये वाफेवर चालणाऱ्या काही मोठ्या बोटींनी त्रोलफ्योर्द या अरुंद फियॉर्डाचे तोंड अडवून आत शिरलेल्या माशांवर हक्क सांगितला, तेव्हा वल्ह्यांच्या होड्यांतील शेकडो मच्छीमारांनी त्यांच्याशी हातघाईची झुंज दिली. स्वोलव्हॅर येथे जन्मलेला चित्रकार गुन्नार बेर्ग याने हा प्रसंग रंगवला, आणि नंतर लोफोतेनच्या मासेमारीत अशा वाफेच्या बोटींच्या जाळ्यांना कायद्याने बंदी घालण्यात आली. समुद्रातील मासा यंत्र बाळगणाऱ्याचा की हातांनी वल्हवणाऱ्याचा, हा प्रश्न या बेटांवर इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे विचारला गेला.

थंड वाऱ्यावर वाळलेले धन

पकडलेल्या कॉडचे डोके आणि आतडी काढून, दोन-दोन मासे शेपटीशी एकत्र बांधून, लाकडी वाशांच्या उंच मांडवावर टांगले जातात. या मांडवाला 'येल' म्हणतात, आणि तयार होणाऱ्या माशाला जगाच्या बाजारात स्टॉकफिश हे नाव आहे. फेब्रुवारीपासून टांगलेला मासा साधारण मेअखेरपर्यंत, काही ठिकाणी जूनमध्ये, उतरवला जातो, आणि तोवर त्यातील बहुतांश पाणी निघून जाऊन त्याचे वजन मूळच्या जवळपास पाचव्या हिश्श्यावर येते. कोकणच्या किनाऱ्यावर बोंबीलही असाच दोरीवर टांगून, बिनमिठाचा वाळवला जातो. फरक इतकाच की तेथे कडक ऊन दोन-चार दिवसांत जे काम करते, ते येथे थंड वारा तीन महिने घेऊन करतो. हवा गोठणबिंदूच्या फार खाली गेली तर माशाचा गर फुटून तो भुसभुशीत होतो, आणि ती फार तापली तर माशी बसते व मासा सडतो. या दोन धोक्यांच्या मधली हवा इतका दीर्घकाळ टिकणारी ठिकाणे जगात थोडी आहेत, म्हणूनच लोफोतेनच्या स्टॉकफिशला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

कोरडा, हलका आणि वर्षानुवर्षे टिकणारा हा मासा मध्ययुगीन नॉर्वेची प्रमुख निर्यात होता. आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या एगिलच्या गाथेत नवव्या शतकात सुका मासा इंग्लंडला पाठवल्याचा उल्लेख येतो. पुढे बर्गेन हे या व्यापाराचे केंद्र बनले. चौदाव्या शतकात जर्मन व्यापारी शहरांच्या हान्सा संघाने तेथे आपली वखार थाटली आणि उत्तरेचा मासा घेऊन त्या बदल्यात धान्य देण्याचा व्यवहार आपल्या हाती ठेवला. ज्या बेटांवर बार्लीसुद्धा जेमतेम पिकते, तेथे माणसे टिकून राहिली ती या धान्यावर.

इटलीशी जडलेले नाते मात्र एका अपघाताने सुरू झाले. व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी १४३१ मध्ये क्रीटहून मद्य घेऊन फ्लँडर्सकडे निघाला असता वादळाने त्याचे जहाज उद्ध्वस्त केले, आणि जानेवारी १४३२ मध्ये तो मूठभर सहकाऱ्यांसह होडीतून रोस्तजवळच्या एका निर्जन बेटाला लागला. रोस्तच्या मच्छीमारांनी त्यांना आपल्या घरी नेऊन काही महिने सांभाळले. परतल्यावर क्वेरिनीने तेथील लोकांच्या प्रामाणिकपणाचे आणि वाऱ्यावर वाळवलेल्या माशाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. आजही लोफोतेनच्या स्टॉकफिशची सर्वांत मोठी बाजारपेठ इटली आहे, आणि व्हिचेन्झा शहराची ओळख बनलेला दुधात मंद शिजवलेला पदार्थ याच माशाचा असतो. अनुभवी पारखी प्रत्येक मासा हातात घेऊन, वास घेऊन आणि उजेडात धरून त्याची वीसेक प्रतींत वर्गवारी करतात, आणि त्या प्रतींच्या नावांत ब्रेमेन, हॉलंड, आंकोना या जुन्या बाजारांच्या खुणा अजून टिकून आहेत. माशांची डोकीही वाया जात नाहीत. ती वाळवून नायजेरियाला जातात, जेथे स्टॉकफिश रश्श्याला चव देणारा मानाचा जिन्नस मानला जातो. बियाफ्राच्या युद्धकाळात, १९६७ ते १९७० दरम्यान, उपासमार झालेल्यांसाठी पाठवलेल्या मदतीतही हा मासा होता.

यकृतातून निघणारे तेल ही कॉडची दुसरी देणगी आहे. दिव्यासाठी, कातड्यासाठी आणि रंगासाठी वापरले जाणारे हे तेल जीवनसत्त्व 'ड' ने समृद्ध असते. नॉर्वेतील औषधविक्रेते पेटर म्योलर यांनी १८५४ मध्ये वाफेच्या साहाय्याने ते शुद्ध काढण्याची रीत शोधली आणि मुडदूस टाळणारे औषध म्हणून ते जगभर पोचले. माशाचे तेल युद्धकाळात वेगळ्याच कारणाने महत्त्वाचे ठरले, कारण त्यापासून मिळणारे ग्लिसरीन स्फोटकांसाठी लागते. ४ मार्च १९४१ रोजी ब्रिटिश कमांडोंनी जर्मनव्याप्त लोफोतेनवर छापा घातला, तो मुख्यतः येथील तेलाचे कारखाने नष्ट करण्यासाठी.

गावोगाव

लोफोतेनला पोचण्याचा जुना मार्ग समुद्राचाच आहे. १८९३ पासून किनाऱ्याने धावणारी हुर्तिग्रूतेन ही टपाल व प्रवासी बोटसेवा स्तामसुंद आणि स्वोलव्हॅर येथे थांबते, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या रेल्वेमार्गाचे शेवटचे स्थानक असलेल्या बोदो शहरातून मोटारगाड्या वाहून नेणारी फेरीबोट तीन-चार तासांत मोस्केनेसला लागते. २००७ मध्ये पूर्ण झालेल्या रस्त्यामुळे आता नार्विकच्या बाजूने, एकाही फेरीबोटीची गरज न पडता, थेट बेटांवर जाता येते. ई-१० हा मुख्य मार्ग पुलांवरून आणि समुद्राखालच्या बोगद्यातून बेटामागून बेट ओलांडत, 'ओ' या एकाच अक्षराचे नाव असलेल्या गावाजवळ संपतो. स्वोलव्हॅर ते ओ हे अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. परंतु ज्याला गावे समजून घ्यायची आहेत, त्याने ते एका दिवसात उरकू नये.

पूर्वेकडून निघाल्यास प्रथम काबेलवोगचे भव्य लाकडी चर्च लागते. १८९८ मध्ये बांधलेल्या या चर्चमध्ये सुमारे बाराशे जणांना बसता येते, आणि लहानशा गावाला इतक्या मोठ्या चर्चची गरज का पडली, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा स्क्रेइपाशीच येऊन पोचते, कारण रविवारी समुद्रात न जाणारे परगावचे हजारो मच्छीमार येथे प्रार्थनेला जमत. पुढे हेनिंग्सव्हॅर लहान बेटांवर विभागलेले असून, त्याच्या टोकाशी चहूबाजूंनी समुद्र आणि मासे वाळवण्याचे मांडव असलेले फुटबॉलचे मैदान आहे. वेस्तवोगोयावरील बोर्ग येथे १९८१ मध्ये शेत नांगरताना व्हायकिंग काळातील एका सरदाराच्या घराचे अवशेष हाती लागले. उत्खननात ते घर तब्बल ८३ मीटर लांब असल्याचे दिसून आले आणि त्या काळातील इतके मोठे घर अन्यत्र सापडलेले नाही. तेथील संग्रहालयात ते पूर्ण आकारात पुन्हा उभारलेले आहे. त्यापलीकडे कड्यांच्या कुशीत दडलेले नूसफ्योर्द, हामनोय आणि राइने ही गावे येतात, आणि शेवटच्या 'ओ' गावात जुनी घरे, बोटघर, तेलाचा कारखाना आणि बेकरी जागच्या जागी राखून त्यांचेच संग्रहालय केलेले आहे.

रस्ता संपतो तेथून पुढचे मोस्केनेसोयाचे टोक २०१८ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. तेथील कोलहेलारेन गुहेत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी लाल रंगात काढलेल्या मानवाकृती आहेत, आणि समोरच्या समुद्रात मोस्कस्त्राउमेन हा प्रसिद्ध भोवरा आहे. वेस्तफ्योर्दमधील आणि बाहेरच्या समुद्रातील भरतीची पातळी एकाच वेळी सारखी नसल्याने, बेटाचे टोक आणि व्हॅरोय यांच्या मधल्या उथळ उंबरठ्यावरून पाणी जोराने इकडून तिकडे धावते आणि भोवरे उठतात. ओलाउस मागनुस याने १५३९ च्या आपल्या नकाशात तो दाखवला, आणि एडगर ॲलन पो व ज्यूल व्हर्न यांच्या कथांनी त्याला जहाजे गिळणाऱ्या राक्षसाचे रूप दिले. मच्छीमार मात्र या पाण्याच्या वेळा ओळखून तेथे मासेमारी करत आले, कारण ढवळलेल्या पाण्यात मासा भरपूर असतो.

कोणत्या ऋतूत जावे, याचे उत्तर काय पाहायचे आहे यावर अवलंबून आहे. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाखाली जात नाही, आणि मध्यरात्रीच्या तिरप्या सोनेरी प्रकाशात डोंगर चढता येतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत तो वर येत नाही, तरी दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो, आणि आकाश निरभ्र असेल तर सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळून निर्माण होणारी हिरवी ध्रुवीय ज्योती दिसते. परंतु ज्याला लोफोतेनचे काम पाहायचे आहे, त्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे. तेव्हा धक्क्यांवर बोटी रिकाम्या होत असतात, मांडव भरत असतात, आणि उकडलेला ताजा कॉड, त्याचे यकृत आणि गाबोळी असे एकाच ताटात वाढलेले 'म्योल्ये' हे हंगामाचे जेवण घरोघरी शिजत असते.

घर की खोली

या बेटांपुढील आजचे प्रश्नही माशापासूनच सुरू होतात. बॅरेंट्स समुद्रातील कॉडचे व्यवस्थापन नॉर्वे आणि रशिया संयुक्तपणे करतात आणि दर वर्षी किती मासा पकडता येईल याची मर्यादा ठरवतात. साठा घटल्यामुळे ही मर्यादा अलीकडे सातत्याने कमी केली गेली असून, २०२५ साठी ठरलेली ३ लाख ४० हजार टनांची मर्यादा त्याआधीच्या तीन दशकांतील सर्वांत कमी होती. किनाऱ्याजवळच्या समुद्रात खनिज तेल असण्याची शक्यता असली, तरी जेथे कॉड अंडी घालतो तेथे उत्खनन नको, ही मच्छीमार आणि पर्यावरणवादी यांची मागणी दीर्घ वादानंतरही टिकून राहिली आहे, आणि या समुद्रात तेलाचे उत्पादन आजवर सुरू झालेले नाही. ज्या देशाची संपन्नता तेलावर उभी आहे, त्याने एका माशाच्या जन्मस्थानासाठी हात आखडता घ्यावा, ही गोष्ट साधी नाही.

दुसरा प्रश्न पर्यटनाचा आहे. मोटारबोटी आल्यावर मच्छीमार बोटीवरच झोपू लागले आणि रोरबू ओस पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पर्यटकांना भाड्याने देण्याची प्रथा पडली, त्यामुळे अनेक घरे मोडण्यापासून वाचली, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याच वाटेने आता लोकवस्तीची घरेही पाहुण्यांच्या खोल्या होत आहेत आणि काही शे वस्तीच्या गावांत उन्हाळ्यात गाड्यांच्या रांगा लागत आहेत. राइनेच्या वरच्या राइनेब्रिंगेन डोंगराची पायवाट गर्दीने इतकी झिजली की, नेपाळहून आलेल्या शेर्पा कारागिरांकडून तेथे दगडी पायऱ्या बांधून घ्याव्या लागल्या. १९५७ च्या कायद्याने नॉर्वेत कोणालाही मोकळ्या रानात हिंडण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क आहे. पण तंबू राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर असावा, हे बंधनही त्याच हक्काचा भाग आहे. त्याचप्रमाणे वाळवणीचा मांडव ही कोणाच्या तरी वर्षभराच्या कमाईची आणि दूरच्या कोणाच्या तरी जेवणाची जागा आहे, हे जाणून त्यावर न चढणे, माशाला हात न लावणे आणि धक्क्यावर काम चालू असताना वाट मोकळी ठेवणे, एवढे तरी पाहुण्याने पाळले पाहिजे.

लोफोतेनच्या गावांत कॉडची जीभ कापण्याचे काम परंपरेने मुलांचे आहे. शाळा सुटल्यावर मुले धक्क्यावर येतात, कापून ठेवलेली माशांची डोकी एका टोकदार खिळ्यावर रोवून सुरीने झपाझप जिभा काढतात, आणि त्या विकून आलेले पैसे त्यांचे स्वतःचे असतात. त्यांतील सगळी पुढे मच्छीमार होणार नाहीत. परंतु मासा कसा धरावा, सुरी कशी चालवावी आणि बोट केव्हा परत येते, हे त्यांना ठाऊक असते. उन्हाळ्यात येणाऱ्या प्रवाशाला लाल घरे आणि डोंगरांच्या पार्श्वभूमीवर रिकामे मांडव तेवढे दिसतात आणि तेही चित्राचाच एक भाग वाटतात. ते मांडव पुढच्या फेब्रुवारीत भरतील आणि त्यांच्याजवळच्या धक्क्यावर हातात सुरी घेतलेले एखादे मूल उभे असेल, तोवर लोफोतेनमधील या वसाहतींना गाव म्हणता येईल.